गोल्डझिहर वाचायला बसताना

इग्नाझ गोल्डझिहर (१८५०–१९२१) या हंगेरियन अभ्यासकाच्या ‘मुस्लिम स्टडीज’चा दुसरा खंड मी आधी उघडला आणि नावांच्या गर्दीत अडकलो. तुम्ही तसं करू नका. आधी १९१० ची इस्लामवरची व्याख्यानं घ्या. प्रकरणं सहाच. त्यातलं कायद्यावरचं दुसरं प्रकरण दोनदा वाचा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मग १८९० चा तो दुसरा खंड. वही हवीच. प्रत्येक हदीससाठी, म्हणजे पैगंबरांच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या वचनासाठी, तीन रकाने आखा: सनद, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं ती साखळी, मजकूर, आणि तंटा. तिसरा रकाना गोल्डझिहरचा. हे वचन पैगंबरांचं आहे का, एवढ्यावर तो थांबत नाही. कोणत्या भांडणात ते कुणाच्या कामी आलं, हे शोधतो. त्यामुळे नंतर रचलेलं वचनही त्याच्या दृष्टीनं टाकाऊ नसतं, ते ज्या काळात रचलं गेलं त्या काळाचा तो पुरावा असतो. मला हे उमगलं तेव्हा पहिली चाळीस पानं मी पुन्हा वाचली.

सरावाला तीन मशिदींची हदीस घ्या: प्रवास करावा तो मक्का, मदिना आणि जेरुसलेमच्या मशिदींसाठीच. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात मक्का खिलाफतीवर दावा सांगणाऱ्या इब्न झुबैरच्या हाती होती. त्याचा शत्रू, दमास्कसचा खलीफा अब्दुल मलिक, याला लोकांना जेरुसलेमकडे वळवायचं होतं आणि झुहरी या विद्वानाच्या साखळीतून आलेलं हे वचन त्याच्या सोयीचं ठरलं, असं गोल्डझिहर म्हणतो.

इथे वही मिटू नका. समोरच्या पानावर आक्षेप लिहा. खलीफाच्या त्या हेतूबद्दलच इतिहासकार गॉइटाइननं शंका घेतली. झुहरी त्या वेळी फार कोवळ्या वयाचे होते, हे हदीसचे अभ्यासक मुस्तफा आझमींनी दाखवलं. मला हे आक्षेप वजनदार वाटतात, म्हणून या उदाहरणापुढे मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह ठेवलंय. पद्धत मात्र मी सोडलेली नाही.

गोल्डझिहरची रोजनिशी शेवटी वाचा. ती १९७८ साली छापली गेली. १८७३–७४ मधल्या प्रवासात हा ज्यू तरुण कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकायला बसला होता. पुढे १८७६ पासून बुडापेस्टच्या ज्यू समाजाच्या कचेरीत चिटणिशी करत, उरलेल्या वेळात त्यानं हे खंड लिहिले. ती पानं वाचल्यावर दुसरा खंड पुन्हा काढा. हदीस जपणाऱ्यांबद्दल तो किती आस्थेनं लिहितो, ते तेव्हा दिसतं.