फुकटचं ईआरपी घेताय? या चुका टाळा

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टॉक, बिलं आणि हिशेब एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. जळगाव एमआयडीसीत ते सांगायला कुणाकडेही गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, फुकट आहे ना?" कोड फुकट आहे. सर्व्हर, बसवणारा माणूस आणि तुमच्या दिवाणजींचे दोन महिने फुकट नाहीत.

सगळ्यात महाग चूक म्हणजे दुसऱ्याच्या मालावर डेमो बघणं. एका डाळमिलच्या शेठजींनी असाच डेमो पाहून होकार दिला. त्यात लाकूड आणि स्क्रू घातले की टेबल तयार! मिलचं गणित उलटं. आत एकटी तूर जाते. बाहेर डाळ, चुनी (डाळीचा चुरा), टरफल येतं आणि थोडं वजन घटीत जातं. पहिल्याच आठवड्यात सगळा खर्च डाळीच्या माथी बसला आणि चुनीचा स्टॉक उणे दिसू लागला. दिवाणजी म्हणाले, "भो, चुनी आपण विकली की उधार आणली?" तीन महिने वही आणि कॉम्प्युटर, दोन्हीकडे नोंदी. उपउत्पादनाची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होतीच, पण विचारलं कुणी?

तेव्हापासून डेमोला जाताना मी तीन खरे कागद नेतो: खरेदीची पावती, एका लॉटचा उतारा (किती तुरीतून किती डाळ निघाली), परत आलेल्या मालाचं बिल. हे माझ्यासमोर चढवा. "ते नंतर बघू" ऐकलं की मी उठतो.

ओडू (Odoo) हे ईआरपी घेणाऱ्यांनो, पूर्ण अकाउंटिंग पैसे देऊन घ्यायच्या एंटरप्राइझ आवृत्तीत आहे, फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीत बिलिंगपुरतंच.

ईआरपीनेक्स्ट (ERPNext) या दुसऱ्या फुकटच्या ईआरपीत अशी फाळणी नाही, पण आवृत्ती 14 पासून जीएसटीसाठी 'इंडिया कंप्लायन्स' हे वेगळं ॲप टाकावं लागतं. उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आधी काढून बघा.

मूळ कोडमध्ये बोट घालू नका. पुढच्या अपडेटला रडाल.

तुरीची आवक जोरात असताना नवीन सिस्टिम सुरू करणाऱ्या उतावळ्यांना मी आता समजावतही नाही.

राहिला बॅकअप. "रोज होतो" म्हणणाऱ्याला मी विचारतो, परत चढवून कधी पाहिलास? ईआरपीनेक्स्टमध्ये नुसती बॅकअपची कमांड दिली तर डेटाबेस आणि साइटची सेटिंग एवढंच येतं. जोडलेल्या पावत्यांच्या फाइल वेगळ्या मागाव्या लागतात. शिवाय बॅकअप पडतो त्याच मशीनवर. मशीन गेलं की दोन्ही गेलं. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी तो घरच्या जुन्या लॅपटॉपवर चढवतो आणि दिवाणजींना फोन लावून एखाद्या बिलाचा आकडा जुळवतो. रविवारी फोन केला म्हणून ते चिडतात. चिडू देत.