किलार्नीत एकच दिवस असेल तर

आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या किलार्नीला एकच दिवस मिळत असेल, तर बसमधून खिडकीबाहेर बघण्यात तो घालवू नका. आदल्या दिवशीच परतीच्या बोटीचं बुकिंग करा. सकाळी 'केट कर्नीज कॉटेज'पाशी उतरून 'गॅप ऑफ डनलो' ही खिंड पायी चढायला लागा. पलीकडे 'लॉर्ड ब्रँडन्स कॉटेज'पर्यंत साधारण ११ किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, पण चढ बऱ्यापैकी. फोटो काढत गेलात तर तीन तास सहज जातात. घोडागाडीचा पर्यायही आहे, तरी पाय धड असतील तर चालाच. परतीची बोट तीन तळ्यांतून रॉस किल्ल्यापर्यंत आणते. मधल्या 'ओल्ड वेअर ब्रिज' या जुन्या दगडी पुलाखाली प्रवाह जोरात असतो. पाणी कमी असलं तर तिथे उतरून थोडं चालावं लागतं, म्हणून बूट पकडीचे हवेत. बोट उघडी असते, वारं अंगाला झोंबतं. छत्रीचा काही उपयोग नाही; टोपीवालं रेनकोट जॅकेट घ्या, अगदी जुलैतसुद्धा. हिवाळ्यात मात्र हा बेत आखू नका, तेव्हा बोटी बंद असतात.