क्रॉसओव्हर ट्रायलचा पेपर तपासताय? या चुका टाळा

नाशिकमधल्या आमच्या जर्नल क्लबात हे नेहमी घडतं. पेपर क्रॉसओव्हर ट्रायलचा असतो, पण सादर करणारा रेसिडेंट चेकलिस्ट साध्या ट्रायलचीच काढतो. रँडमायझेशन (चिठ्ठीने वाटणी) झालं, ब्लाइंडिंग (कुठलं औषध ते लपवणं) झालं, दोन टिका मारल्या की पेपर 'चांगला' ठरतो आणि चहा येतो. मीही कित्येक वर्षं असंच केलं. पण क्रॉसओव्हरमध्ये तोच रुग्ण दोन्ही औषधं एकापाठोपाठ घेतो. चिठ्ठीने ठरतं ते फक्त कुठलं आधी आणि कुठलं नंतर. त्यामुळे घोळ बहुतेक वेळा दोन औषधांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत सापडतो.

या रिकाम्या दिवसांना वॉशआउट म्हणतात. तो 'ठेवला होता' एवढं वाचून पुढे जाऊ नका, किती दिवसांचा ते बघा. हे शिकवताना निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी पटकन म्हणाली, "सर, म्हणजे आमचा पीएचआय!" अगदी तेच, प्री-हार्वेस्ट इंटरव्हल. फवारणी आणि काढणी यांच्यात ठरलेले दिवस गेले नाहीत तर मालात रेसिड्यू, म्हणजे औषधाचा अंश, सापडतो, आणि हे दिवस प्रत्येक औषधाचे वेगळे. आपल्याकडचा ढोबळ नियम पाच हाफ-लाइफचा (हाफ-लाइफ म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ). तेवढ्यात शरीरात जेमतेम ३ टक्के औषध उरतं. अॅम्लोडिपिन या ब्लडप्रेशरच्या औषधाची हाफ-लाइफ ३० ते ५० तास. ५० धरली तर २५० तास, म्हणजे दहा दिवसांहून जास्त. एका आठवड्याचा वॉशआउट तिथे तोकडा पडतो.

आणि हा हिशेबही आंधळेपणाने करू नका. अॅस्पिरिन रक्तातून काही मिनिटांत ओसरतं, पण त्याने निकामी केलेल्या प्लेटलेट मरेपर्यंत तशाच राहतात, आठ-दहा दिवस. अॅसिडिटीवरच्या ओमेप्राझोलची हाफ-लाइफ तासाभराची, आम्ल मात्र दोन-तीन दिवस दबलेलं. औषध गेलं म्हणजे परिणाम गेला असं नाही.

"कॅरीओव्हरची चाचणी केली, पी-व्हॅल्यू ०.३ आली, म्हणजे कॅरीओव्हर नाही" हे वाक्य दिसलं की थांबा. कॅरीओव्हर म्हणजे पहिल्या औषधाचा परिणाम दुसऱ्या टप्प्यात उरणं. ही चाचणी फार कमजोर असते; लहान ट्रायलमध्ये खरा कॅरीओव्हरही तिच्या हातून निसटतो. आधी ही चाचणी करायची, ती पॉझिटिव्ह आली तर फक्त पहिल्या टप्प्याचे आकडे घ्यायचे, ही १९६५ पासूनची पद्धत. ती दिशाभूल करते हे १९८९ मध्ये फ्रीमन या संख्याशास्त्रज्ञाने दाखवलं, तरी ती अजून भेटते. भरोसा ठेवायचा तो वॉशआउटच्या लांबीवर.

काळाचा परिणामही विसरला जातो. दम्याच्या ट्रायलचा पहिला टप्पा जानेवारीत, निफाडचा पारा घसरलेला असताना, आणि दुसरा मार्चच्या उन्हात झाला, तर औषध कुठलंही असो, दुसऱ्या टप्प्यात रुग्ण बरा दिसेल. अर्धे 'अ' मग 'ब' आणि अर्धे 'ब' मग 'अ' असतील तर हे फिटतं. म्हणून प्रत्येक क्रमात किती रुग्ण होते ते शोधा. आजार स्थिर हवा हे वेगळं सांगायला नको. न्यूमोनियाचा रुग्ण पहिल्याच औषधाने बरा झाला तर दुसरं कशावर तपासणार?

रेसिडेंट सर्वांत जास्त अडकतात ते आकडेमोडीत. २० जणांनी दोन्ही औषधं घेतली, तर ते २० आणि २० असे दोन गट नव्हेत. हिशेब प्रत्येकाच्या स्वतःच्या फरकाचा, म्हणजे पेअर्ड, हवा. पेपरात फक्त दोन सरासऱ्या आणि दोन एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा पसारा) दिल्या असतील तर फरकाची एसडी त्यातून निघत नाही. पण पेअर्ड टी-टेस्टची (अशा जोड्यांच्या फरकाच्या चाचणीची) टी-व्हॅल्यू दिली असेल तर मार्ग आहे: सरासरी फरकाला तिने भागा, की त्या फरकाचा स्टँडर्ड एरर, म्हणजे तो किती डळमळीत आहे त्याचं माप, मिळतो. फरक ६, टी ३, तर स्टँडर्ड एरर २.

मधेच सोडून गेलेल्यांची जोडीच तुटते. १० जण गेले हे पुरेसं नाही. कुठल्या औषधानंतर आणि का गेले, ते हवं. पहिल्याच औषधाने मळमळून पळालेले रुग्ण वगळले, की ते औषध पेपरात सोसायला सोपं दिसतं.

पेपरात हे काहीच सापडलं नाही तर ट्रायलचा नोंदणी क्रमांक घेऊन सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या वेबसाइटवर, जा. भारतातल्या नव्या ट्रायलना आधी नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. तिथे वॉशआउट १४ दिवस आणि पेपरात ७ दिसला, तर चहा येण्याआधी तोच प्रश्न विचारा.