रँकिंग येतं, टिकत नाही: खान्देशातून टेनिसमध्ये उतरणाऱ्या पोरींसाठी

जळगाव-भुसावळकडच्या पोरींचे आणि त्यापेक्षा जास्त त्यांच्या वडिलांचे मला फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, डब्ल्यूटीए रँकिंग यायला किती वर्षं लागतात?" (डब्ल्यूटीए म्हणजे व्यावसायिक महिला टेनिसची जागतिक संघटना.) रँकिंग टिकवायला काय लागतं, हे आजवर कुणीच विचारलेलं नाही. माझी कारकीर्द तिथंच अडकली, म्हणून त्यावरच जास्त लिहिणार आहे.

मी भुसावळची. सिमेंटच्या कोर्टवर सुरुवात केली, मग पुणे, मग पैसे जुळतील तिथल्या पंधरा हजारी, म्हणजे 15,000 डॉलर बक्षिसाच्या स्पर्धा. आता खेळणं सोडलंय आणि जळगावात पोरं शिकवते. एआयटीएची (अखिल भारतीय टेनिस संघटनेची) नोंदणी, अंडर-14, अंडर-16, सुपर सिरीज आणि नॅशनल सिरीज या देशातल्या स्पर्धांमधला फरक, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. ज्यांची मुलगी 12 वर्षांची आहे त्यांना एकच सांगते, 14 पूर्ण झाल्याशिवाय तिला व्यावसायिक स्पर्धेत उतरताच येत नाही आणि पुढेही 18 पर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा आहे. तेव्हा घाई तुमचीच आहे, नियमाला ती नाही.

आता रँकिंगचं. डब्ल्यूटीएच्या एकेरीच्या यादीत नाव यायला किमान 3 स्पर्धांत गुण मिळालेले हवेत, किंवा मग एकूण 10 गुण तरी हवेत. डब्ल्यू-15 म्हणजे त्याच पंधरा हजारी स्पर्धा, सगळ्यात खालची पायरी. तिथं मुख्य ड्रॉमधली (कोण कुणाशी खेळणार त्या मुख्य यादीतली) पहिली मॅच जिंकली की 1 गुण मिळतो. म्हणजे 3 स्पर्धांत एकेक मॅच काढली की 3 गुण झाले आणि रँकिंग आलं. हजाराच्या पलीकडचं का होईना, आलं. गावात बॅनर लागायला तेवढं पुरतं. माझाही लागला होता.

हे झटपट कसं करायचं याचा एक रस्ता सगळ्या ॲकॅडम्यांना माहीत असतो. ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म-अल-शेख. या गावांत एकाच ठिकाणी आठवड्यामागून आठवडा स्पर्धा चालू असतात. व्हिसा एक, विमानाचं तिकीट एक, हॉटेल एक. कोच सांगतात, महिनाभर जाऊन बस, एखाद्या आठवड्यात ड्रॉ चांगला लागेल. सल्ला खोटा नाही. पण पुढचं कुणी सांगत नाही.

गुण 52 आठवडे टिकतो. ती बँकेतली ठेव नव्हे, मोबाईलचा रिचार्ज आहे. समजा मार्चमध्ये लागोपाठ 3 आठवडे तुला एकेक गुण मिळाला आणि बाकी वर्षात काहीच नाही. पुढच्या मार्चमध्ये एका सोमवारी पहिला गुण गळतो. उरले 2 स्पर्धांतले 2 गुण. आता 3 स्पर्धाही नाहीत आणि 10 गुणही नाहीत. म्हणजे तू दहा-वीस जागा खाली घसरत नाहीस, थेट यादीतूनच बाहेर पडतेस. बाकीच्या 2 गुणांची मुदत अजून संपलेली नाही, पण त्यांचा उपयोग शून्य. मला हे त्या सोमवारी मोबाईलवर स्वतःचं नाव शोधताना कळलं. आधी वाटलं नेट स्लो आहे, म्हणून पान दोनतीनदा रिफ्रेश केलं.

त्या वर्षी माझ्या कंबरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी चीर) झालं होतं, म्हणून नवे गुण आले नव्हते. दुखापतीसाठी संरक्षित रँकिंगची, म्हणजे परतल्यावर दुखापतीआधीच्या क्रमांकावर प्रवेश मिळायची सोय आहे, पण ती आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, महिनोन् महिने बाहेर असावं लागतं, आणि अटी आहेत. मी ज्या ॲकॅडमीत होते तिथं हे कुणी उच्चारलंही नव्हतं. फी मात्र फ्रॅक्चरच्या महिन्यांचीही घेतली. त्यात परदेशात फिरल्यामुळे देशातल्या स्पर्धा बुडाल्या होत्या, म्हणून एआयटीएचं रँकिंगही ढासळलेलं. परत आले ती थेट क्वालिफाइंगच्या (मुख्य ड्रॉआधीच्या पात्रता फेरीच्या) रांगेत, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान पोरींच्या मागे.

म्हणून कॅलेंडर भिंतीवर लावा आणि गुण ज्या आठवड्यात मिळाला त्याच्या बरोबर 52 आठवडे पुढे लाल खूण करा. सगळ्या खुणा एकाच महिन्यात दिसायला लागल्या की समजा गडबड आहे. गुण वर्षभर पसरलेले हवेत: थोडे भारतातल्या स्पर्धांत, थोडे बाहेर. 3 स्पर्धा ही किमान अट आहे, तिच्यावर संसार करू नका. 5-6 स्पर्धांतले गुण हाताशी असले तर एखादा गळाला तरी झोप लागते. आणि परदेशात जायचंच असेल तर सगळे पैसे एकाच महिन्यात उडवण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या ऋतूंत दोन छोट्या खेपा करा. तिकीट महाग पडतं, ठाऊक आहे. तरी करा.

तारखांचंही बघा. आयटीएफच्या (डब्ल्यू-15 सारख्या स्पर्धा चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) महिला स्पर्धेची प्रवेशिका स्पर्धेच्या सोमवारच्या 18 दिवस आधीच्या गुरुवारी बंद होते आणि नाव मागे घ्यायची मुदत 13 दिवस आधीच्या मंगळवारी संपते. वेळ 14:00 जीएमटी, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. रात्री बारापर्यंत वेळ आहे असं समजून बसलेले बाप मी पाहिलेत. आयपिनचा (आयटीएफच्या ऑनलाइन खेळाडू-नोंदणीचा) पासवर्ड पोरीकडेच असू द्या, कोचकडे नको.

पैशाचं एकदाच सांगते. डब्ल्यू-15 मधले 15,000 डॉलर हे पूर्ण स्पर्धेचे. मुख्य ड्रॉमध्ये 32 जणी, शिवाय दुहेरी. पहिल्या फेरीत हरलीस तर हातात दीडशे डॉलरच्या आसपास, त्यातून कर कापून. तेवढ्यात हॉटेलचं आठवड्याचं बिलही निघत नाही. स्पॉन्सर मिळवून देतो म्हणणाऱ्याने आधी स्वतःची फी मागितली तर तिथूनच उठा. आमच्याकडे केळीच्या पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याने पोरीसाठी वावर गहाण टाकलं. पोरगी गुणी आहे, पण मला ते पटलं नाही आणि मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. ते नाना अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

एवढं वाचून घाबरू नका. खान्देशात कोर्ट कमी, जोडीला खेळणाऱ्या मुली त्याहून कमी, हे खरं. पण मुलांबरोबर खेळून वाढलेल्या आपल्या पोरींना वेगवान सर्व्हिसची भीती वाटत नाही, हे मी पुण्यात जाऊन पडताळून पाहिलंय. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा सकाळी साडेआठला रॅकेट पिशवीत गेलीच पाहिजे. "उन्हात तयार होते" म्हणणाऱ्या कोचला स्वतः दुपारी दोनला कोर्टवर उभं करा. पाळी दोनतीन महिने चुकली तर "सराव जास्त झाला असेल" म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडतंय, त्याने हाडं कच्ची राहतात. माझ्या कंबरेची सुरुवात तिथूनच झाली असं डॉक्टर म्हणाल्या. आणि जिममधला पावडरचा डबा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. डोपिंगचे नियम डब्ल्यू-15 लाही लागू आहेत.

दुहेरीला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. सानिया मिर्झा 2007 मध्ये एकेरीत 27 व्या क्रमांकापर्यंत गेली, मग मनगट आणि गुडघ्याच्या दुखण्यांनी बेजार झाली, आणि एप्रिल 2015 मध्ये दुहेरीत जगात पहिली आली. निवृत्त झाली फेब्रुवारी 2023 मध्ये, तोवर दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून 6 ग्रँड स्लॅम नावावर. दुहेरीचे गुण वेगळे मोजतात. जोडीदार आधीच ठरवा. आयत्या वेळी मिळेल तिच्याबरोबर खेळू, असं करू नका.

शिक्षण सोडून पूर्णवेळ टेनिस, या कल्पनेची मला चीड आहे. ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकता शिकता खेळली, आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. तिकडची शिष्यवृत्ती डोळ्यांसमोर असेल तर बारावीनंतर "एखादं वर्ष नुसतं खेळू" म्हणताना सावध राहा; कॉलेजात जायला उशीर केला तर तिथं खेळायची वर्षं कापली जातात. ते जमणार नसेल तर इथलं बी.ए., बी.कॉम. चालू ठेवा आणि विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ खेळा. त्यात कमीपणा नाही.

खेळ सुटल्यावर काय, हेही आत्ताच बघून ठेवा. कोचिंगचे कोर्स आहेत, पंचगिरी आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कोणत्या स्पर्धा धरतात ते शासन निर्णयात वाचा. नुसत्या रँकिंग स्पर्धा खेळत सुटू नका. राज्य अजिंक्यपद, शालेय, विद्यापीठ यातलं काही बुडवू नका. प्रमाणपत्रांची पडताळणी नाशिकच्या विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात होते. मूळ प्रमाणपत्र हरवलं तर आयोजकांना शोधत फिरावं लागतं, आणि तोवर अर्ध्या आयोजकांचे फोन नंबर बदललेले असतात.