फ्रेंचचा अँपार्फॅ वापरताना या चुका टाळा

अँपार्फॅ म्हणजे सवय, स्थिती किंवा चालू असलेली क्रिया सांगणारा फ्रेंच भूतकाळ. त्याचे प्रत्यय बहुतेकांना तोंडपाठ असतात. गाडी अडते ती वाक्य लिहायला घेतल्यावर. त्याचं मोठं कारण म्हणजे आपल्यापैकी बरेच जण फ्रेंच शिकतात ते इंग्रजीतून. इंग्रजीतल्या 'आय लिव्ड'मध्ये 'राहिलो', 'राहत होतो' आणि 'राहायचो' हे तिन्ही मावतात. फ्रेंचला मात्र हा फरक करावाच लागतो, आणि मराठीही तो रोज करते. 'आम्ही दर रविवारी पोहायला जायचो', 'बाहेर पाऊस पडत होता' ही वाक्यं थेट अँपार्फॅत जातात. 'आम्ही पोहायला गेलो', 'पाऊस पडला' ही पासे कोंपोझेत, म्हणजे घडून संपलेल्या घटनेच्या भूतकाळात. इंग्रजी दुभाष्याला मधून काढलं की निवड बरीच सोपी होते.

पण काही जागी मराठीच दगा देते.

'-ला होता' पाहिलं की थांबा

देल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत, ए-टू पातळीला, एखादा प्रसंग किंवा अनुभव लिहायला सांगतात. तिथे हमखास अशी सुरुवात होते: 'काल मी बाजारात गेलो होतो.' मनात 'गेलो होतो' असतं, म्हणून कागदावर उतरतं 'झेतॅ आले'. हा झाला प्ल्युस्क-पार्फॅ, म्हणजे दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधीचा भूतकाळ, आणि फ्रेंच वाचणारा त्या दुसऱ्या घटनेची वाट बघत बसतो. मराठीत आपण 'गेलो होतो' म्हणतो ते नुसती बातमी द्यायला. फ्रेंचमध्ये इथे साधं 'झ स्वी आले ओ मार्शे' हवं.

आता हेच '-ला होता' दुसऱ्या वाक्यांत बघा. 'मला भूक लागली होती', 'तो कोपऱ्यात बसला होता', 'तिने साडी नेसली होती'. रूप तेच, पण ही वाक्यं स्थिती सांगतात, घटना नाही. म्हणून 'झावॅ फँ', 'इल एतॅ आसी', 'एल पोर्तॅ अँ सारी', म्हणजे तिन्हीकडे अँपार्फॅ.

ओळखायचं कसं? 'होता'च्या जागी 'आहे' घाला. 'भूक लागली आहे' हे फ्रेंच माणूस साध्या वर्तमानकाळात सांगतो (झे फँ), 'साडी नेसली आहे' हेसुद्धा (एल पोर्त). वर्तमानात जे साधा वर्तमानकाळ घेतं, ते भूतकाळात अँपार्फॅ घेतं. तसं जमत नसेल तर 'होता' गाळून बघा. 'काल मी बाजारात गेलो' म्हटल्याने काही बिघडलं नाही ना? मग पासे कोंपोझे. आणि 'मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' यातून 'होती' काढलं तर अर्थच बदलतो. खरा प्ल्युस्क-पार्फॅ तिथेच, 'ल त्रँ एतॅ पार्ती'.

बाजाराचा प्रसंग पुढे नेऊ. 'खूप गर्दी होती' म्हणजे 'इल यावॅ बोकू द मोंद', पार्श्वभूमी, अँपार्फॅ. 'अचानक पाऊस सुरू झाला' म्हणजे 'इल आ कोमांसे आ प्लव्वार', गोष्ट पुढे सरकली, पासे कोंपोझे. 'सगळे पळत होते' म्हणजे 'तू ल मोंद कुरॅ'. हे शेवटचं वाक्य काही जण 'एत्र' (असणे) जोडून शब्दशः करतात: 'पळत' एक शब्द, 'होते' दुसरा. फ्रेंचला दुसरा शब्द लागत नाही, 'पळत होते' सगळं एकट्या 'कुरॅ'मध्ये येतं.

कालावधी सांगितला की

'मी तीन वर्षं पुण्यात राहत होतो.' मराठी कानाला 'राहत होतो' म्हणजे अँपार्फॅ. पण तीन वर्षं संपली, हिशेब बंद झाला. 'पांदां' (इतका काळ) लावून असा बंद काळ सांगितला की पासे कोंपोझे येतो: 'झे आबिते आ पुने पांदां त्र्वाझां'. उलट 'तीन वर्षांपासून राहत होतो, तेवढ्यात बदली झाली' यात राहणं चालूच होतं, म्हणून 'दप्वी' (-पासून) आणि अँपार्फॅ: 'झाबितॅ आ पुने दप्वी त्र्वाझां'. 'पाच वेळा गेलो' असं मोजून सांगितलं तरी सहसा पासे कोंपोझेच.

'माहीत होतं' आणि 'कळलं', 'भीती वाटत होती' आणि 'भीती वाटली' या जोड्यांची काळजी नको. 'झ सावॅ' आणि 'झे स्यु', 'झावॅ पर' आणि 'झे यु पर' हा फरक मराठीने आधीच करून ठेवलाय.

धातू चुकीच्या जागेवरून उचलू नका

शब्दकोशातल्या मूळ रूपावरून अँपार्फॅ करू नका. वर्तमानकाळातलं 'नू'चं (आम्ही) रूप घ्या, शेवटचं 'ओं' काढा, प्रत्यय लावा. 'फिनीर'चं 'नू फिनिसों', म्हणून 'झ फिनिसॅ'. 'ब्वार'चं 'नू ब्युवों', म्हणून 'झ ब्युवॅ'. 'प्रांद्र'चं 'नू प्रनों', म्हणून 'झ प्रनॅ'. त्यातला 'द' कधीच गळालाय. अपवाद फक्त 'एत्र'चा, 'झेतॅ'.

लिहिताना 'मांझे'वर लक्ष ठेवा. 'झ'चा उच्चार टिकावा म्हणून 'झ मांझॅ'मध्ये जी अक्षरानंतर ई ठेवतात, पण 'नू' आणि 'वू'च्या (तुम्ही) रूपांत प्रत्यय आय अक्षराने सुरू होतो, तिथे ती ई जाते. 'कोमांसे'त सी अक्षराखालच्या शेपटीचंही तसंच. 'एत्युदिए'च्या 'नू' रूपात दोन आय लागोपाठ येतात. परीक्षक एक आय खोडत नाही, उलट नसला तर गुण कापतो.

'सी' आणि एक जादाचा 'र'

'आत्ता वेळ असता तर आलो असतो.' मराठीत दोन्हीकडे 'अस-', म्हणून विद्यार्थी दोन्हीकडे कोंदिस्योनेल, म्हणजे 'झालं असतं' सांगणारं रूप, लावतात. 'सी'नंतर (जर) अँपार्फॅ, दुसऱ्या भागात कोंदिस्योनेल: 'सी झावॅ ल तां, झ व्यांद्रॅ'. प्रत्यय तेच, फरक फक्त आधीच्या 'र'चा. ही चूक फ्रान्समधली मुलंही करतात. त्यांना शाळेत 'ले सी नेम पा ले रॅ' असं घोकवतात, म्हणजे 'सी'ला 'रॅ' आवडत नाही.

ऐकताना

'झ' (मी), 'त्यु' (तू), 'इल' (तो), 'इल' अनेकवचनी (ते), या चारही रूपांचा शेवट कानाला एकच, त्यामुळे श्रुतलेखनात कर्ता बघून लिहायचं. अँपार्फॅतलं 'पार्लॅ' आणि पासे कोंपोझेतलं 'पार्ले' यांत मात्र फरक ठेवा. आपला 'ॅ' थोडा जास्तच उघडा आहे, पण 'ए' म्हणण्यापेक्षा बरा. जुन्या फ्रेंच पुस्तकात या प्रत्ययांत ए-आयच्या जागी ओ-आय दिसलं, तर छपाईची चूक समजू नका. फ्रेंच अकादमीच्या कोशाने ए-आय स्वीकारलं ते १८३५ च्या आवृत्तीत.