कार्टर रोडच्या खडकांवर उतरण्यापूर्वी

पाणी, टोपी आणि सुका खाऊ यांविषयी सांगत बसत नाही. वांद्र्याच्या कार्टर रोडखालचे किंवा हाजी अलीजवळचे खडक आणि त्यांतल्या डबक्यांमधले जीव पाहायचे असतील, तर सर्वांत आधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. गेल्या खेपेस मी नेमके तेवढेच विसरलो होतो. रविवार आहे आणि सकाळी ऊन नसते, एवढ्याच विचारावर दोन भाच्यांना पहाटे उठवून सात वाजता तेथे पोहोचलो, तेव्हा सगळे खडक पाण्याखाली होते.

त्या दिवशी अष्टमी होती. कोकण किनाऱ्यावर जुना आडाखा आहे की, पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि तीत सहा तास मिळवले की ओहोटीची. आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती नुकतीच होऊन गेलेली. बरे, दुपारी बारापर्यंत थांबूनही फारसे साधले नसते, कारण अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असतो आणि पाणी पुरते उतरतच नाही. ते उतरते उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे. म्हणून तक्त्यात वेळेबरोबर ओहोटीची उंचीही पाहावी; ती एक मीटरच्या खाली नसेल तर घरीच झोपावे. आडाखा अंदाजापुरता आहे. तक्ता त्याच दिवसाचा आणि मुंबईचाच हवा, कारण ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि मागच्या आठवड्याची वेळ या आठवड्यात उपयोगी पडत नाही.

पायांत मागे पट्टा असलेले, पकड चांगली असलेले सँडल असावेत. चपला शेवाळावर घसरतात आणि खडकाला चिकटलेली कालवे ब्लेडसारखी कापतात. उधाणाची मोठी ओहोटी बहुधा पहाटे पाच-सहाच्या किंवा संध्याकाळी त्याच सुमारास येत असल्यामुळे विजेरी लागतेच. पावसाळ्यात मुळीच जाऊ नये.

बादली नेऊ नये. मुले हट्ट करतील, तरीही नेऊ नये. समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, पाणी ओसरल्यावर मिटून वाळू चिकटलेल्या गोळ्यासारखे दिसते आणि नकळत पायाखाली जाते, त्यामुळे पाऊल कोरड्या, उघड्या दगडावरच टाकावे. दगड उलटला तर तो पुन्हा जसा होता तसा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. शंकूच्या आकाराचा शंख कितीही सुंदर असला तरी उचलू नये. त्यातली गोगलगाय विषारी दंश करते. प्रवाळाचा तुकडाही उचलू नये, वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळेआधी तासभर उतरावे आणि ती वेळ झाली की परत फिरावे. होय, पुन्हा तक्ताच. पाणी समोरून येताना दिसते, पण पाठीमागची घळ आधी भरते.

बाकी किरकोळ आहे. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, जखमेला औषध, गाडीत कोरडा टॉवेल. सँडल गोड्या पाण्याने धुवावेत.