अलिबाग ते मालवण: तिथी पाहून आखा पाच दिवसांची गाडीवाट

कोकणात गाडी घेऊन निघण्याआधी किलोमीटर नको, तिथी बघा. आमच्या पहिल्या खेपेला अलिबागला पोचेपर्यंत कुलाबा किल्ल्याभोवती पाणी चढलं होतं. तटबंदी किनाऱ्यावरूनच बघावी लागली, ती हळहळ अजून आहे.

हिशेब सोपा आहे. पक्ष कोणताही असो, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण निघते. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे सहा तासांनी, सव्वाआठला ओहोटी. त्या दिवशी सकाळी साडेसातला वाळूतून चालत कुलाब्यात शिरा, नऊच्या सुमारास परत फिरा. अष्टमीच्या आसपास पाणी फारसं हटत नाही. पाण्यात पाय घालण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळीबांधवांना विचारून घ्याच.

मोसम दिवाळी ते फेब्रुवारी. पावसाळ्यात किल्ल्यांच्या होड्या बंद असतात.

दुपारी रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जा. पोर्तुगीजांच्या किल्ल्याखालच्या या गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली घरोघरी बोलतात. मुक्काम मुरूडला.

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून जंजिरा. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत शिरताना भिंतीवरचा पंजात हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, चुकवू नका. मग आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दिघी, तिथून श्रीवर्धन. पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ इथले.

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याची फेरीबोट धरून बाणकोट, मग हर्णै. सुवर्णदुर्ग आधी, संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव. फेरीबोटींच्या वेळा आदल्या रात्रीच विचारा. एक चुकली की दिवसाची घडी विस्कटते. वळणावळणाच्या रस्त्यावर तासाला 30 किलोमीटरच धरा. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरा, जेवायला येतोय हे खानावळीत सकाळीच कळवा.

चौथा दिवस दाभोळ, गुहागर, जयगड करत रत्नागिरीत संपवा. पाचव्या दिवशी सकाळी थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं. तो 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला. त्या रिकाम्या दालनांत थोडं थांबा. पुढे विजयदुर्ग, आणि रात्री मालवण.

सिंधुदुर्ग सहाव्या सकाळसाठी राखून ठेवा, घाईत उरकू नका. 1664 मध्ये महाराजांनी त्याची पायाभरणी केली. त्यांच्या हातापायांचे ठसे तिथे जपले आहेत. चहूकडे खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे, तिथे काठावर वाकून बघा. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि हा, असे तिघे तुम्ही एव्हाना पाहिलेले असतील. परतीची होडी किती वाजता, हे उतरतानाच होडीवाल्याला विचारून ठेवा.